अ‍ॅपवर, संगणकावर भाषा खरंच येते का? संशोधन काय सांगतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात जर्मन शिकवते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, दहा हजार जणांना तिकडे पाठवायचं ठरलं आणि क्लासमधले चेहरे बदलले. नर्सिंग केलेल्या मुली, इलेक्ट्रिशियन, हॉटेलात काम केलेली मुलं. पहिल्याच दिवशी मोबाइल पुढे करून विचारतात, "मॅडम, हे अ‍ॅप रोज केलं तर क्लास लावायची गरज आहे का?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्यांच्या खिशातले पैसे आणि आयुष्यातली दोन वर्षं यात जाणार असतात. म्हणून गेली काही वर्षं मी या विषयावरचं संशोधन जमेल तेवढं वाचते. नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

संगणकाच्या मदतीने भाषा शिकता येते, हे सिद्ध झालंय का?

हो. आता त्यावर फारसा वाद उरलेला नाही. २०१६ मध्ये ल्यूक प्लॉन्स्की आणि निकोल झीग्लर यांनी या विषयावरचे १४ एकत्रित आढावे पुन्हा एकत्र मांडले. त्या आढाव्यांमध्ये मिळून चारशेहून जास्त मूळ अभ्यास होते. एकूण कल तंत्रज्ञान वापरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाजूने निघाला.

फायदा किती, यावर मात्र आकडे एकमेकांपासून लांब आहेत. २००३ मध्ये योंग झाओ यांनी मोजक्या अभ्यासांवरून काढलेला फायदा खूप मोठा होता. २०१३ मध्ये ग्रगुरोविच, शापेल आणि शेली यांनी निवडीचे निकष कडक ठेवले आणि ३७ अभ्यास घेतले. त्यांना फायदा दिसला, पण लहान. मला यातला दुसरा आकडा जास्त विश्वासाचा वाटतो. सुरुवातीचे बरेच अभ्यास असे झाले होते की प्राध्यापकाने स्वतःच सॉफ्टवेअर बनवायचं, स्वतःच्याच वीस-पंचवीस विद्यार्थ्यांवर सहा आठवडे वापरायचं आणि परीक्षाही स्वतःच काढायची. शिवाय नवी वस्तू हातात आली की मुलं पहिले काही आठवडे जास्त मन लावतात. त्या उत्साहाचे गुण सॉफ्टवेअरच्या खात्यावर जमा होतात.

"लहान फायदा", "मोठा फायदा" म्हणजे नेमकं किती?

समजा दोन वर्ग आहेत. एक संगणक वापरतो, दुसरा वापरत नाही. संशोधक दोन वर्गांतल्या गुणांचा फरक एका ठरलेल्या मापात सांगतात, त्याला परिणाम-आकार म्हणतात. या मापाने फायदा ०.२५ असेल, तर संगणकवाल्या वर्गातला मधला विद्यार्थी दुसऱ्या वर्गात नेऊन बसवला की तिथल्या साधारण ६० टक्के मुलांच्या पुढे असतो. काहीच फरक नसता तर तो ५० टक्क्यांच्या पुढे असता. फायदा ०.५ असेल तर ६९ टक्क्यांच्या पुढे. भाषाशिक्षणाच्या अभ्यासात ०.४ ला लहान, ०.७ ला मध्यम आणि १ ला मोठा म्हणावं, असं प्लॉन्स्की आणि ओसवाल्ड यांनी २०१४ मध्ये सुचवलं. ते आता बरेच जण पाळतात. "आमचं अ‍ॅप वापरणारे दुप्पट वेगाने शिकतात" अशी जाहिरात दिसली, की हे माप मनात धरून वाचा.

हे सगळं मोबाइल आल्यापासूनच सुरू झालं ना?

नाही, साठ वर्षांहून जास्त झाली. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये प्लेटो नावाची संगणकप्रणाली सुरू केली आणि पुढे तिच्यावर रशियन, फ्रेंच अशा भाषांचे पाठ तयार झाले. त्याच दशकात स्टॅनफर्डला जोसेफ व्हॅन कॅम्पन यांनी पहिल्या वर्षाची रशियन भाषा बव्हंशी संगणकावर शिकवली. विद्यार्थी टेलिटाइपवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या टंकयंत्रावर, उत्तरं टंकत आणि टेपवर ऐकत. नेहमीच्या वर्गाच्या तुलनेत हे विद्यार्थी परीक्षेत कमी पडले नाहीत, उलट पुढे राहिले आणि अर्ध्यातून सोडणारेही त्यांच्यात कमी निघाले. गळतीची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच काळातला पेनसिल्व्हेनियाचा अनुभव वेगळा होता. १९६० च्या दशकात भाषाप्रयोगशाळांची लाट आली होती. हेडफोन, टेपरेकॉर्डर, प्रत्येकाला वेगळा कप्पा. त्यावर प्रचंड पैसा खर्च झाला. फिलिप स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली त्या राज्यातल्या शाळांमध्ये फ्रेंच आणि जर्मनचे वर्ग काही वर्षं तपासले गेले. एकीकडे जुनी व्याकरण-भाषांतराची पद्धत, दुसरीकडे नवी पद्धत आणि प्रयोगशाळा. १९७० च्या सुमारास निष्कर्ष आले आणि भाषाशिक्षकांना धक्का बसला. प्रयोगशाळेमुळे म्हणावा असा फरकच दिसला नाही. टीकाकारांचं म्हणणं होतं की मुलं प्रयोगशाळेत आठवड्यातून थोडाच वेळ बसत होती, मग फरक कसा दिसणार? ते म्हणणं मला पटतं. साठ वर्षांनी अ‍ॅपबद्दल आपण तेच बोलतोय.

म्हणजे साधन कुठलंही असो, शेवटी शिकवण्यावरच आहे का?

रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये जवळपास हेच मांडलं होतं. किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे आपलं पोषण बदलत नाही, तसं माध्यमामुळे शिकणं बदलत नाही, अशी त्यांची उपमा होती. रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९१ मध्ये आणि पुढेही त्याला उत्तर दिलं : काही गोष्टी त्या माध्यमातूनच शक्य होतात, त्या वेगळ्या काढून कशा मोजणार?

वर्गात रोज उभी राहणारी बाई म्हणून मी कोझ्मांच्या बाजूची आहे. २८ मुलांच्या बॅचमध्ये प्रत्येकाच्या प्रत्येक वाक्याला त्याच क्षणी "बरोबर" किंवा "चूक" सांगणं मला शक्य नाही. यंत्राला आहे. ते सांगताना यंत्र काय बोलतं, यावर सगळं अवलंबून आहे. तो पुढचाच प्रश्न.

अ‍ॅप चूक दाखवतं. मग तीच चूक मी पुन्हा का करते?

क्लासमधलं उदाहरण सांगते. एका मुलीने अ‍ॅपवर "मी पुस्तक टेबलावर ठेवते" याचं जर्मन लिहिलं : "इश लेगं दास बूख आउफ देम टिश". अ‍ॅपने लाल रेघ ओढली आणि "देम" च्या जागी "देन" दाखवलं. तिने "देन" टंकलं, हिरवी खूण आली, ती पुढे गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा "देम".

तिची अडचण अ‍ॅपला दिसतच नव्हती. मराठीत "पुस्तक टेबलावर आहे" आणि "पुस्तक टेबलावर ठेवते" या दोन्हीत "टेबलावर" तेच राहतं. जर्मनमध्ये वस्तू आधीच तिथे असेल तर "देम", आपण ती तिथे नेऊन ठेवत असू तर "देन". हे एकदा सांगितल्यावर तिने स्वतःच वहीत दोन चित्रं काढली. एकात पुस्तक टेबलावर पडलेलं, दुसऱ्यात हात पुस्तक घेऊन निघालेला. त्यानंतर चूक बरीच कमी झाली.

संशोधनात हे नीट तपासलं गेलंय. १९९० च्या दशकात नोरिको नागाता यांनी जपानी शिकणाऱ्यांचे गट केले. एका गटाला संगणक फक्त काय चुकलं ते दाखवायचा. दुसऱ्याला का चुकलं, कुठला नियम मोडला, तेही सांगायचा. जपानी प्रत्ययांसारख्या किचकट भागात दुसरा गट सरस ठरला.

याहून मोठं काम ट्यूबिंगन विद्यापीठाच्या डेटमार मॉयरर्स यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. गंमत म्हणजे ते याच बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातलं आहे. तिथल्या सातवीच्या मुलांचं इंग्रजीचं वर्कबुक त्यांनी संगणकावर आणलं. एकाच वर्गात काही मुलांना नियम समजावणारी सूचना मिळायची, काहींना नाही. शिक्षक तेच, पुस्तक तेच. सूचना मिळणारी मुलं त्या व्याकरणात स्पष्टपणे जास्त शिकली. प्रयोग खऱ्या शाळेत, खऱ्या वेळापत्रकात झाला, म्हणून या अभ्यासावर माझा विशेष भरवसा आहे.

अ‍ॅप निवडताना मुद्दाम एक चूक करून पाहा. ते काय सांगतं, त्यावर ठरवा.

ड्युओलिंगोच्या ३४ तासांत कॉलेजचं एक सेमिस्टर होतं, हे खरं का?

या आकड्यामागे खरा अभ्यास आहे. रुमेन वेसेलिनोव्ह आणि जॉन ग्रेगो यांनी २०१२ मध्ये तो केला. इंग्रजी येणारे लोक स्पॅनिश शिकत होते. एका सेमिस्टरएवढी प्रगती व्हायला सरासरी ३४ तास लागतात, असा अंदाज निघाला आणि तो २६ ते ४९ तासांच्या दरम्यान असू शकतो, असंही अहवालात लिहिलं आहे. जाहिरातीत फक्त ३४ उरले.

हा अभ्यास कंपनीच्या पैशाने झाला होता. तेवढ्यावरून मी तो बाजूला ठेवणार नाही, पण मोजलं काय ते पाहायला हवं. परीक्षा संगणकावरची, कॉलेजमध्ये कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी. तिच्यात बोलायचं काहीच नव्हतं. इंग्रजी येणाऱ्याला स्पॅनिश तुलनेने सोपी जाते, हेही लक्षात घ्या. बेळगावच्या मराठी माणसाला कन्नड आणि कोरियन शिकायला सारखाच वेळ लागेल, असं कोणी म्हणेल का?

२०१९ मध्ये शॉन लोवेन आणि सहकाऱ्यांनी हेच अ‍ॅप तुर्की भाषेसाठी वापरून पाहिलं. शिकणारे नऊच जण होते. शेवटी त्यांना विद्यापीठातल्या पहिल्या सेमिस्टरची तुर्कीची परीक्षा दिली, तेव्हा एकच जण पास झाला. सगळ्यांची थोडीफार प्रगती झाली होती आणि ज्याने जास्त वेळ दिला, त्याची जास्त. पुढे २०२१ मध्ये कंपनीच्याच संशोधकांनी २२५ जणांचा अभ्यास मांडला : स्पॅनिश आणि फ्रेंचचा सुरुवातीचा भाग पूर्ण करणारे वाचन आणि श्रवणात विद्यापीठाच्या चार सेमिस्टरच्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीला आले. या वाक्यातले "पूर्ण करणारे" हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत.

का बरं? जे पूर्ण करतील त्यांना येईल, एवढंच ना?

पूर्ण करणारे किती, हे कळल्याशिवाय तुमच्या हाती काही लागत नाही. केथ्रिन नील्सन यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना त्या काळातली नावाजलेली भाषा-सॉफ्टवेअर मोफत दिली होती, शिकायचं होतं स्वतःचं स्वतः. लोक उत्साहाने नाव नोंदवून गेले आणि भराभर गळाले. कधी यंत्रणा अडली, कधी कामाच्या गडबडीत राहिलं, कधी अडलं तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. शेवटपर्यंत टिकलेले जवळपास नव्हतेच.

बॅबल या अ‍ॅपवर लोवेन यांचाच २०२० चा अभ्यास आहे. ८५ विद्यार्थी, १२ आठवडे, स्पॅनिश. शेवटापर्यंत ५४ टिकले. त्यांच्यापैकी ५९ टक्के जणांची बोलण्याची पातळी निदान एका पायरीने वर गेली. मला हा निकाल चांगला वाटतो, कारण यात बोलणं खरोखर मोजलं होतं. पण सुरुवातीच्या ८५ पैकी किती जण वर गेले, याचा हिशोब केलात तर साधारण ३२ होतात.

मघाचे स्टॅनफर्डचे रशियन विद्यार्थी आठवा. ते टिकले होते. त्यांना ठरलेल्या वेळी टर्मिनलवर यावं लागे आणि त्या अभ्यासाचे गुण मिळत. माझ्या क्लासमध्येही अ‍ॅपचा गृहपाठ सोमवारी तपासला जातो, हे माहीत असलेली मुलं रविवारी रात्री का होईना तो करतात.

भारतात, महाराष्ट्रात असं काही तपासलं गेलंय का?

हो, आणि आपल्या सगळ्यांना ते माहीत असायला हवं.

प्रथम या संस्थेने महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांमध्ये इंग्रजीसाठी पिकटॉक नावाचं एक छोटं यंत्र वापरलं. मूल चित्रावर टोचणी टेकवतं, यंत्र तो शब्द उच्चारतं. काही ठिकाणी यंत्र होतं, काही ठिकाणी चित्रांच्या पत्त्यांचे खेळ. फँग हे, ली लिंडेन आणि मार्गारेट मॅक्लाउड यांनी शाळांची चिठ्ठ्या टाकावी तशी निवड करून हे तपासलं आणि २००८ मध्ये मांडलं. सरासरी फायदा साधारण ०.३. मघाच्या मापाने हा लहान वाटेल, पण अशा मोठ्या शालेय प्रयोगासाठी तो भरघोस मानतात. सरासरीच्या आत मात्र दोन वेगळ्या गोष्टी दडल्या होत्या. अभ्यासात मागे असलेल्या मुलांना शिक्षकांनी घेतलेल्या खेळांचा जास्त फायदा झाला आणि आधीच पुढे असलेल्या मुलांना एकट्याने यंत्र वापरण्याचा. ज्या मुलाला मदतीची सर्वांत जास्त गरज, त्याच्या हातात नुसतं यंत्र देऊन भागत नाही, हे इथे आकड्यांत दिसतं.

दिल्लीत माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरवर मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन यांनी २०१९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ६१९ मुलं, साधारण साडेचार महिने. लॉटरीत नाव आलेल्या मुलांची गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ एवढी जास्त प्रगती झाली. हे सॉफ्टवेअर मूल खरोखर कुठे आहे ते शोधून तिथून सुरू करतं. सातवीतल्या मुलाला चौथीचं वाचता येत नसेल तर चौथीचं देतं. आणि तिथेही निम्मा वेळ छोट्या गटात शिकवणारी व्यक्ती होतीच.

तिसरा अभ्यास गुजरातमधला, गणिताचा आहे, पण शाळा चालवणाऱ्यांनी तो वाचावा. ज्ञानशाळा या संस्थेच्या वर्गांमध्ये लिंडेन यांनी एकच सॉफ्टवेअर दोन प्रकारे वापरून पाहिलं. शाळेच्या वेळेनंतर जादा अभ्यास म्हणून दिलं तेव्हा फायदा ०.२८. शिकवण्याचा तास काढून त्याजागी दिलं तेव्हा तोटा, तोही ०.५७ चा. तिथल्या शिक्षिका चांगलं शिकवत होत्या आणि त्यांचाच तास गेला.

शब्द पाठ करायला फ्लॅशकार्डची अ‍ॅप चांगली का?

हो, अगदी बिनदिक्कत वापरा. कार्पिक आणि रोडिगर यांचा २००८ चा प्रयोग पाहा. विद्यार्थ्यांनी स्वाहिली भाषेचे ४० शब्द अर्थांसह शिकले. शब्द एकदा आल्यावरही ज्यांना तो पुन्हा पुन्हा आठवायला लावला, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के आठवले. ज्यांनी तो नुसता पुन्हा वाचला, त्यांना सुमारे ३६ टक्के. फ्लॅशकार्डचं अ‍ॅप तुम्हाला आठवायला लावतं आणि विसरायच्या बेतात असतानाच शब्द परत समोर आणतं. हे काम माणसापेक्षा यंत्र चांगलं करतं. एक मात्र करा : कार्डवर सुटा शब्द लिहू नका. "टिश : टेबल" असं न लिहिता "डेर टिश" लिहा आणि खाली तुमचं स्वतःचं एक वाक्य.

बोलायला येतं का पण?

नुसत्या टिचक्या मारून नाही. चॅटचा मात्र अनपेक्षित उपयोग दिसला आहे. पेन आणि व्हिटनी यांनी २००२ मध्ये स्पॅनिशच्या विद्यार्थ्यांचे आठवड्यातल्या चार तासांपैकी दोन तास लेखी चॅटमध्ये घेतले. सत्राच्या शेवटी बोलण्याच्या परीक्षेत हे विद्यार्थी नेहमीच्या वर्गाच्या पुढे गेले. लिहिताना वाक्य जुळवायला चार सेकंद जास्त मिळतात आणि ते जुळवणं बोलताना कामी येतं. त्याआधी १९९५ मध्ये रिचर्ड केर्न यांना फ्रेंचच्या वर्गात दिसलं होतं की तोंडी चर्चेपेक्षा चॅटमध्ये विद्यार्थी कितीतरी जास्त वेळा बोलतात. कोपऱ्यात गप्प बसणारी मुलंसुद्धा.

मी बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यासाठीच चालवते. रात्री नऊ ते साडेनऊ, फक्त जर्मन. नर्सिंगच्या मुलींना तिकडच्या बहुतेक राज्यांत बी-२ पातळी (युरोपच्या सहा भाषापातळ्यांतली चौथी) लागते आणि वॉर्डमध्ये पेशंटचे नातेवाईक थांबून बोलत नाहीत, म्हणून शनिवारी तेच विषय समोरासमोर घेते.

जर्मन सिनेमा पाहताना सबटायटल इंग्रजी ठेवू की जर्मन?

जर्मन. २०१३ मध्ये मारिबेल मोंतेरो पेरेझ आणि सहकाऱ्यांनी १८ अभ्यास एकत्र केले. त्याच भाषेतली अक्षरं खाली असली, की ऐकून समजणं आणि शब्द शिकणं दोन्ही चांगलं सुधारतं. अगदी पहिल्या महिन्यात झेपत नाहीत, तेव्हा पाच मिनिटांचा तुकडा दोनदा पाहा.

आता एआय आलंय. तेच बोलतं, तेच सुधारतं. मग?

सरावाला उत्तम. मी स्वतः मुलींना नोकरीच्या मुलाखतीचा सराव त्याच्याशी करायला सांगते. निबंध त्याच्याकडून लिहून घेणाऱ्यांना मात्र एक प्रयोग सांगते. गणिताचा आहे, पण लागू पडतो. तुर्कस्तानातल्या एका शाळेत साधारण हजार मुलांवर तो झाला. जीपीटी-४ हाताशी असताना मुलांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. ते काढून घेतल्यावर परीक्षेत तीच मुलं, ज्यांना ते कधीच मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. थेट उत्तर न देता सूचनाच द्यायच्या, असं बांधून ठेवलेलं एआय ज्यांना दिलं, त्यांचं हे नुकसान बहुतांशी टळलं. म्हणून आधी स्वतः लिहा, मग त्याला विचारा : चुका दुरुस्त करू नकोस, फक्त कुठल्या ओळीत आहेत ते सांग.

माझा नातू अमेरिकेत असतो. त्याला मराठी शिकवायला कुठलं अ‍ॅप घेऊ?

हा प्रश्न मला क्लासबाहेर सर्वांत जास्त विचारला जातो, बहुतेक वेळा आजोबांकडून. अक्षरओळखीसाठी, ळ आणि ल ऐकून वेगळे ओळखण्यासाठी एखादं चांगलं अ‍ॅप जरूर द्या. तिथे यंत्राला कंटाळा न येणं कामाचं आहे. बोलण्यासाठी तुमचा व्हिडिओ कॉल हाच संगणकाच्या मदतीने भाषा शिकवण्याचा प्रकार आहे. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोज दहा मिनिटं बोला. तो म्हणाला, "आजोबा, मी दूध पिला," तर "चुकलं, प्यायलो म्हण" असं लगेच नका सांगू. "अरे वा, दूध प्यायलास? आणि मी काय प्यायलो, ओळख बरं," असं विचारा. बरोबर रूप त्याच्या कानावर दोनदा पडतं आणि तिसऱ्यांदा ते त्याच्या तोंडून यायची वेळ येते.